मशीन विकायच्या आधी

सांगलीहून आलेल्या एका पत्राचा हा गोषवारा. नाव अर्थातच देत नाही.

वय ४१. विश्रामबागच्या बाजूला राहतात. लग्नानंतर शिवण शिकल्या, तेव्हापासून घरीच ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवतात, साड्यांना फॉल-पिको करतात. तीन वर्षांपासून मान आणि खांद्यांच्या मधली जागा दुखते. लगीनसराईत रात्री कूस बदलतानाही कळ येते, डोकं मागून धरतं. एक्स-रेमध्ये ‘मानेचा बाक कमी झालाय, मणक्यांची थोडी झीज’ असं आलं. ओळखीच्या कुणीतरी त्याला ‘मणक्यात गॅप’ म्हटलं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पाच व्यायाम दिले. दोन आठवडे केले, दुखणं वाढलं, सोडून दिले. मग ऑनलाइन पाठीचा पट्टा मागवला. आरशात पोक दिसतो. आईची पाठ साठीनंतर पार वाकली, आपलंही तेच होणार अशी धास्ती आहे. चौदा वर्षांची मुलगीही खांदे पाडून चालते. पती म्हणतात, मशीन विकून टाक, एक जण बघूनही गेलाय. पण मुलाच्या क्लासची फी त्याच पैशातून भरली जाते. प्रश्न असे: मशीन बंद करू का? पट्टा किती तास लावू? व्यायामाने पोक खरंच जातो का? कारण ‘आधी पोक गेला पाहिजे, त्याशिवाय मान थांबणार नाही.’

ताई,

मशीन विकू नका. निदान मान दुखते म्हणून तरी नको. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण गिऱ्हाईक दारात येऊन गेलंय म्हणताय, तेव्हा हे आधी सांगून टाकलेलं बरं.

मी अडखळले ते तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी. पाठ वाकली म्हणून मान दुखते, पाठ सरळ झाली की मान सुटेल, ही समजूत तुमची एकटीची नाही. मान धरून येणारी बरीच मंडळी हेच म्हणत खुर्चीवर बसतात. ऐकायला अगदी बिनचूक वाटतं. पण यातला ‘म्हणून’ वाटतो तितका पक्का नाही. डोकं पुढे आलेलं असणं आणि मान दुखणं यांच्या नात्यावर जे अभ्यास झाले, ते २०१९ साली एकत्र करून पाहिले गेले. मोठ्या माणसांत काही संबंध दिसला, किशोरवयीन मुलांत तो दिसला नाही. आणि जिथे दिसला तिथेही आधी काय झालं ते कळत नाही. पोक आला म्हणून मान दुखायला लागली, की दुखरी मान जपता जपता माणूस आखडून बसायला लागला? मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मांडी घालून, भोपळ्यावर मान वाकवून पिढ्यान्‌पिढ्या काम चाललंय. वाकून बसलं की मान कामातून जाणारच असं असतं, तर तिथे एकही तंबोरा पुरा झाला नसता.

‘गॅप’चंही इथेच उरकून घेऊ. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. वयाबरोबर तिच्यातलं पाणी कमी होतं, ती थोडी बसते. म्हणजे फोटोत मणक्यांमधली जागा उलट कमी झालेली दिसते. मणके एकमेकांपासून सुटले, मध्ये फट पडली, आता जोराने वळलं तर निसटतील, असलं काही नसतं. जपानमध्ये १,२११ अशा लोकांच्या मानेचे एमआरआय काढले होते ज्यांना मानेचा काही त्रासच नव्हता. २०१५ साली ते निष्कर्ष छापून आले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांची गादी कुठे ना कुठे फुगलेली निघाली, अगदी विशीतल्या बहुतेकांचीसुद्धा. ‘बाक कमी झालाय’ हा शेराही मान न दुखणाऱ्यांच्या फोटोत सर्रास सापडतो. फोटो काढताना हनुवटी जरा खाली गेली तरी बाक कमी दिसतो. तेव्हा तो रिपोर्ट फाईलला लावून ठेवा. रात्री उशाशी घेऊन झोपू नका.

मग पोकाचा आणि मानेचा काहीच संबंध नाही का? आहे. तो वाचून कळण्यापेक्षा करून कळतो. आत्ता स्टुलावर बसा. मुद्दाम पाठ गोल करा, खांदे पुढे पाडा, आणि तसंच बसून दोन्ही हात वर उचला. कानाला लागायच्या आत कुठेतरी अडतील. आता छातीचं मधलं हाड जरासं वर घ्या आणि पुन्हा हात उचला. किती सहज गेले बघा. मानेचंही असंच होतं. गोल पाठीने बसून समोर बघायचं तर हनुवटी पुढे काढावी लागते, आणि मग कवटीच्या बुडाशी असलेले छोटे स्नायू आवळून राहतात. तुमचं डोकं मागून धरतं त्याचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं. पाठीचा वरचा भाग कडक झाला की त्याच्या वाटणीची हालचाल मान आणि खांदे करत बसतात. त्यात डोकं साडेचार-पाच किलोचं. ते तासन्‌तास पुढे धरून ठेवायची मानेच्या आणि पाठीच्या स्नायूंची तयारी नसेल, तर संध्याकाळी ते बोंब मारणारच.

(व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरतं: मान साठ अंश वाकवली की २७ किलो भार येतो. तुम्हालाही आलं असेल. ते २०१४ साली अमेरिकेतल्या एका सर्जनने संगणकावर मांडलेलं गणित आहे. त्या भाराने कुणाची मान बिघडली का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. तरीही ते चित्र पाहून लोक मान वाकवायलाच घाबरतात, आणि घाबरलेली मान जास्त आखडते.)

आता तुमचा सरळ प्रश्न, व्यायामाने पोक जातो का. थोडा कमी होतो. पाठीच्या वरच्या भागाला बाक असायलाच हवा, साधारण २० ते ४० अंश सर्वसामान्य धरतात. त्याहून जास्त वाकलेल्या, साठीच्या पुढच्या लोकांना अमेरिकेत सहा महिने पाठीच्या ताकदीचे व्यायाम दिले, बसण्या-उठण्याचं वळण लावलं. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा फोटोत मोजलेला बाक साधारण ३ अंशांनी कमी झाला. तीन अंश आरशात फारसे दिसत नाहीत. तुमचं वय कमी, पाठ अजून लवचीक असणार, तेव्हा तुम्हाला जास्त फरक पडू शकतो. तो पडेल का याचा अंदाज घरीच घेता येतो. उशी न घेता फरशीवर उताणं झोपा. दोन मिनिटांत डोकं आरामात जमिनीला टेकलं आणि खांदे पसरले, तर पोक बराचसा सवयीचा आहे. हनुवटी आढ्याकडे उचलल्याशिवाय डोकं टेकतच नसेल, तर पाठ कडक झालीय, तिला वेळ लागेल.

पण मान बरी व्हायला पोक जावा लागत नाही, आणि एवढं पटलं तर बाकीचं सोपं आहे. फिनलंडमध्ये वर्षानुवर्षं मान दुखणाऱ्या, ऑफिसात काम करणाऱ्या १८० बायकांवर वर्षभर एक चाचणी झाली, २००३ साली ती प्रसिद्ध झाली. काहींना मानेची आणि खांद्यांची ताकद वाढवणारे व्यायाम दिले, काहींना हलक्या वजनाने जास्त वेळ करायचे, आणि उरलेल्यांना फक्त ताणायचे व्यायाम आणि चालणं-फिरणं सांगितलं. वर्षानंतर पहिल्या दोन्ही गटांचं दुखणं तिसऱ्यापेक्षा बरंच कमी झालं होतं. पाठ सरळ करणं हा त्यातल्या कुणाचाच उद्योग नव्हता. तुम्ही ऑफिसात बसत नाही हे खरं, पण खांदे जागच्या जागी धरायचे आणि हात पुढे राबवायचे, हे दोन्हीकडे सारखंच.

तर मग तुम्ही व्यायाम केले तेव्हा दुखणं वाढलं का? तुम्ही लिहिलंय, पाच व्यायाम, प्रत्येकी वीस वेळा, दिवसातून तीनदा. आणि तारीख बघितली तर नेमकी लगीनसराई. म्हणजे रोज तीनशे हालचाली, वर ब्लाऊजांचा ढीग. ज्या स्नायूंनी वर्षानुवर्षं असं काही केलं नाही ते ठणकणारच. ठणकलं म्हणजे आत काही मोडलं असं नव्हे. व्यायामही चुकीचे नव्हते, मात्रा जास्त झाली. माझ्या मते मॅडमना दोन दिवसांतच फोन करायला हवा होता, आणि त्यांनीही ‘दुखलं तर कळवा’ म्हणून बजावायला हवं होतं. पुढच्या वेळी एक माप धरा. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकं झालं, तर चालू ठेवा. सकाळीही जास्तच असेल तर व्यायाम बंद न करता निम्मा करा.

सुरुवात तीनच व्यायामांनी करा.

पहिला पाठ मोकळी करायचा. जुनी चादर घट्ट गुंडाळून मनगटापेक्षा जरा जाड वळकटी करा. सतरंजीवर गुडघे दुमडून उताणं झोपा आणि वळकटी पाठीखाली आडवी घ्या, ब्रेसियरची मागची पट्टी येते तिथून दोन बोटं वर. हाताची बोटं गुंफून डोक्यामागे धरा, मान लोंबकळता कामा नये. श्वास सोडताना पाठ वळकटीवर सैल सोडून द्या. पाच श्वास झाले की वळकटी थोडी वर सरकवा, पुन्हा पाच. आणखी एकदा वर, पुन्हा पाच. कमरेखाली वळकटी घ्यायची नाही, तिथे बाक आधीच आहे. पहिल्या आठवड्यात वळकटी पातळ ठेवा.

दुसरा व्यायाम दिसायला इतका मामुली आहे की बहुतेक जण तोच आधी सोडतात. डोक्याखाली पातळ घडी घेऊन उताणंच झोपा. कुणाला तरी हळूच ‘हो’ म्हणताना मान हलते तेवढीच हलवा. हनुवटी गळ्याकडे सरकते, डोकं घडीवरून उचलत नाही. पाच आकडे धरा, सोडा, असं दहा वेळा. दोन बोटं गळ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा. कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणाऱ्या दोन जाड दोऱ्या बोटांना लागतील. त्या ताठ झाल्या तर तुम्ही जास्त जोर लावताय. त्या मऊ राहिल्या पाहिजेत, काम त्यांच्या मागच्या, मणक्याला चिकटून असलेल्या स्नायूंनी करायचं आहे. मान दुखायला लागली की हे आतले स्नायू सुस्तावतात आणि बाहेरचे त्यांचं काम ओढत बसतात. पाच आकडे सोपे झाले की दहापर्यंत जा.

तिसरा ताकदीचा. व्यायामाचा रबरी पट्टा खेळाच्या दुकानात मिळतो, फिजिओथेरपिस्टकडेही मिळतो. सायकलची जुनी ट्यूबही चालते. (कपड्यातलं इलास्टिक वापरू नका, ते तुटून तोंडावर येतं.) खिडकीच्या गजाला बेंबीच्या उंचीवर अडकवा, दोन्ही टोकं धरून उभ्या राहा आणि कोपरं बरगड्यांना घासत मागे ओढा. पाठीची पाती एकमेकींकडे सरकली पाहिजेत, पण खांदे कानाकडे चढता कामा नयेत. नेमकं तेच चढतात, म्हणून सुरुवातीला आरशासमोर करा. आरशाचा एवढाच उपयोग. दहा-बारा वेळा, मध्ये दम खाऊन पुन्हा दहा-बारा वेळा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. जड जाईनासे झाले की एक पाऊल मागे सरकून उभ्या राहा.

पहिले दोन रोज करा, तिसरा आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. सगळं मिळून पंधरा मिनिटं होतात. तेवढीही मिळत नाहीत असं तुम्ही म्हणणार, म्हणून एक सांगते. डेन्मार्कमध्ये मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ जणांपैकी काहींना आठवड्याचे पाच दिवस रोज १२ मिनिटं आणि काहींना रोज फक्त २ मिनिटं एकच व्यायाम दिला: रबरी नळी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं. रबर नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घ्या. कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात होऊन जातं. ज्या दिवशी काहीच जमणार नाही त्या दिवशी हे करा.

नणंद योगासनांचं सांगतात असं लिहिलंय. चांगलंच आहे. भुजंगासन जरूर करा, फक्त छाती पुढे-वर घ्या, मान मागे टाकू नका. सर्वांगासन, हलासन आणि शीर्षासन सध्या नको. आणि मान गोल-गोल फिरवायची शाळेतल्या पीटीची सवय असेल, तर तिनेही काही साधत नाही. बरं वाटत असेल तर हळू फिरवा, व्यायाम म्हणून मोजू नका. सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घ्यायची आपल्याकडे पुरुषांना हौस असते, घरात कुणाला असेल तर थांबवा. त्यात मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. क्वचित होतं, पण झालं तर निस्तरत नाही.

आता मशीनकडे येऊ. तुमच्या कामात मानेला सगळ्यात जास्त काय जाचतं? लोक मशीनकडे बोट दाखवतात, माझा संशय फॉलवर आहे. जमिनीवर बसून, साडी मांडीवर घेऊन, मान पूर्ण खाली घालून अर्धा-पाऊण तास हातशिलाई. मशीनवर निदान कापड फिरवायला हात तरी हलतात. फॉल लावताना भिंतीला पाठ टेकून बसा आणि मांडीवर दोन जाड उशा घ्या, म्हणजे काम डोळ्यांकडे येईल. कटिंग जमिनीवर करत असाल तर ते आधी वर आणा. स्वयंपाकाचा ओटा दुपारी रिकामा असतो, पुसून घेतला की कोपराच्या उंचीचं उत्तम टेबल होतं. मशीनचं स्टूल एवढं उंच हवं की हात पट्टीवर ठेवले तर खांदे वर उचलले जाणार नाहीत. बहुतेक घरांत प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल असतं, त्यावर उशी घालूनही भागतं. सुईजवळ वेगळा दिवा लावा. आणि डोळे कधी तपासले होते? चाळिशी लागायचं हेच वय. काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना झाला की माणूस टाका शोधत मान नाही नाही तशी वाकवतो, आणि मग पट्टा काय करणार?

सलग बसणं मोडायला मोबाइलचा गजर नको, तो दोन दिवसांत बंद केला जातो. बॉबिन संपली की उठायचं, एवढा एकच नियम करा. बॉबिन भरायला तसंही थांबावंच लागतं. उभ्या राहा, हात वर नेऊन एकदा मोठा श्वास घ्या, दोन पावलं चाला, मग बसा. आणि बसल्यावर दिवसभर ताठ राहायचा नाद सोडा. पट्टी लावल्यासारखं ताठ बसूनही पाठ तेवढीच शिणते. थोडा वेळ ताठ, थोडा वेळ सैल, कधी टेकून, असं बदलत राहणं पाठीला मानवतं.

पट्टा किती तास? आठवण म्हणून दिवसातून वीस-पंचवीस मिनिटं लावायचा तर लावा, नाही लावला तरी चालेल. तो खांदे मागे ओढून धरतो तोवर पाठीचे स्नायू आयतं खातात. उसवलेल्या शिवणीवर नुसती इस्त्री फिरवल्यासारखं ते. गळ्यात घालायचा मानेचा पट्टा कुणी सुचवला तर तोही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालू नका.

आईची गोष्ट वेगळी आहे, आणि ती तुम्ही तुमच्यावर ओढून घेऊ नका. बायकांची पाठ साठीनंतर झपाट्याने वाकते तेव्हा बऱ्याचदा पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ झालेली असतात आणि मणके पुढच्या बाजूने दबून चेपतात. कधीकधी हे न पडता-झडता होतं, ‘कंबरेत उसण भरली’ म्हणून आठ दिवसांत विसरलंही जातं. आईंची उंची तरुणपणापेक्षा तीन-चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल तर त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे न्या, मणक्याचा फोटो आणि हाडांची घनता बघणारी डेक्सा तपासणी लागेल का ते विचारा. त्यावर औषधं आहेत. वळकटीचा व्यायाम त्यांना परस्पर करायला लावू नका आणि पुढे वाकून वजन उचलू देऊ नका. तुमच्या बाबतीत म्हणाल, तर आईचं हाड ठिसूळ असेल तर तुम्हालाही जपायला हवं हे खरं. पण जपणं म्हणजे वजन उचलणं, चालणं आणि पोटात पुरेसं कॅल्शियम-प्रथिनं जाणं. मशीन विकून हाडं मजबूत होत नाहीत.

मुलीच्या बाबतीत एकच विनंती: दिवसभर ‘ताठ बस, ताठ चाल’ लावू नका. या वयात पोक आणि दुखणं यांचा धड संबंध दिसत नाही हे वर सांगितलंच. आणि चौदाव्या वर्षी मुली खांदे का पाडतात हे तुम्हाला मी सांगायला हवं का? छाती लपवायची असते. वर्गात कुणी काही बोललेलं असतं, कधी गणवेशच छातीवर घट्ट झालेला असतो. तुमच्या हातात तर शिवणकाम आहे. तिला नीट मापाची ब्रा घेऊन द्या, कुर्त्याची छाती एका इंचाने सैल करा आणि विषय न काढता देऊन टाका. खेळायला, पोहायला पाठवा. फक्त एक बघा: पालथं झोपून छाती उचलल्यावर पोक मोकळा होतो ना? तसाच टोकदार राहत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. वाढीच्या वयात मणके पुढून पाचरीसारखे होण्याचा एक आजार असतो, तो वेळेत कळलेला बरा.

आता ज्यासाठी व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं, तेही लिहिते, कारण हे वाचणाऱ्या सगळ्यांचं दुखणं तुमच्यासारखं नसेल. बोटं ऐकेनाशी होणं हे सगळ्यात महत्त्वाचं. दोरा दिसतोय, तरी ओवता येत नाही, हुक लावताना हात गडबडतो, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, असं काही असेल तर मानेतल्या मज्जारज्जूवर दाब असू शकतो, तिथे थांबायचं नाही. मानेपासून हातात उतरणारी मुंग्या-बधिरपणाची कळ वाढतच चालली असेल, तरीही दाखवा. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं आणि रात्रीही न थांबणारं पाठीचं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आहे का ते बघावं लागतं. आपल्याकडे तो अजून दुर्मिळ झालेला नाही, आणि वेळेत औषध सुरू झालं तर बरा होतो. चाळिशीच्या आतल्यांची पाठ सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडलेली राहते आणि हालचाल केल्यावर सुटते, असं महिनोन्‌महिने चाललं असेल तर संधिवाताच्या एका प्रकाराची तपासणी करावी. तुमच्या पत्रात यातलं काही मला दिसलं नाही.

यजमान काळजीपोटी म्हणतात, मशीन विक. त्यांना हे उत्तर वाचायला द्या. मान बसून राहिल्याने बरी होत नाही, आणि फीची काळजी लागली की दुखणं कमी होण्याऐवजी झोप तेवढी जाते. झोप गेली की तीच मान दुप्पट दुखते. त्यांना खरंच हातभार लावायचा असेल तर रात्रीची भांडी त्यांच्याकडे द्या, तुमची पंधरा मिनिटं तिथून निघतील. काम कमी करायचं तर सगळं न सोडता ‘उद्याच पाहिजे’वाली कमी करा. तातडीच्या ब्लाऊजला दीडपट दर लावा. निम्म्या बायकांची घाई तिथेच ओसरते, उरलेल्या पैसे देतात.

फरक किती दिवसांत पडेल? सहा आठवड्यांत काहीतरी जाणवायला हवं, पुरता अंदाज यायला तीन महिने लागतात. तो आरशात शोधू नका. मापांची वही आहेच, तिच्या शेवटच्या पानावर आठवड्यातून एकदा लिहा: किती वेळ शिवल्यावर मान बोलायला लागली, रात्री किती वेळा जाग आली, स्कूटी वळवताना मागे वळून बघता येतं का. मधेच एखादा आठवडा वाईट जाईल, विशेषतः लग्नांच्या तारखा आल्या की. त्या आठवड्यात ओढायचा व्यायाम निम्मा करा, पण नाव सोडू नका.

सहा आठवड्यांनी ती वही घेऊन त्याच फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे जा. खर्च जड जात असेल तर सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीची चौकशी करा. काय केलं, कशाने वाढलं, काय सोडलं ते सरळ सांगा आणि ओढायचा व्यायाम त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा, खांदे चढतात की नाही ते त्यांना लगेच दिसेल. त्या रागावतील ही भीती नको. मध्येच व्यायाम सोडलेला पेशंट त्यांना रोज भेटतो.